सँडलचा पट्टा

घाटकोपरच्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे मालवणी काका दर जिन्यावर थांबून सँडलचा पट्टा आवळायचे. त्याआधी हात छातीवर जायचा. तो मला दिसत नाही, असं त्यांना वाटायचं.

काकूंनी गळ घातली म्हणून मीच त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न मी नंबर घालून लिहून दिले होते. छाती कशाने भरते, डावा हात का दुखतो, गोळ्या किती दिवस घ्यायच्या, वगैरे. काकांनी कागद घडी करून खिशात घातला.

"डॉक्टर, माका काय एक नाय. कार्डिओग्राम चांगलो इलो मा? तो चांगलो येवचो म्हणान दोन दिवस पलंगावरून उठलोच नाय!"

जणू परीक्षेची तयारी!

"काका, जिन्यावरचं सांगा ना!" मी वैतागले.

"अगो, तो सँडलचो पट्टो सैल आसा."

डॉक्टर उठले. "चला, माझ्याबरोबर सावकाश दवाखान्यातला हा आतला जिना चढा."

अर्ध्या जिन्यात काका थांबले, वाकले, पट्टा चाचपू लागले. पाय अनवाणी होते. सँडल दवाखान्याच्या दाराबाहेर काढलेली होती.

काका पायांकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातला कागद डॉक्टरांच्या हातात दिला.