फ्रीझ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. आईला कोमल माझ्यापेक्षा जास्त आवडते — आणि खरं सांगू का, तिचं चुकत नाही.

कोमल पिंपरी पेंढारची, मी वारूळवाडीची. नारायणगावात अकरावी-बारावी आम्ही एका बाकावर काढली. दोघींना पुण्यातलं एकच सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज हवं होतं, शाखाही एकच, आणि प्रवर्गही एकच. म्हणजे जागा मोजक्या आणि डोळा दोघींचा. आपण एका खोलीत राहू, एकाच डब्यात जेवू, असे मनातले मांडे रोज चालायचे. मग गुणवत्ता यादी लागली आणि कोमल माझ्या वर निघाली. मी तिला पेढा भरवला. आनंद झाला का मला? झाला होता, थोडा. बाकी सगळी जळजळच होती.

पहिल्या फेरीत पुणं दोघींनाही हुकलं. दोघींना इकडचंच एक खासगी कॉलेज लागलं. आता मिळालेली जागा ‘फ्रीझ’ करायची की नाही, एवढंच ठरवायचं होतं. नियम सोपा होता. फ्रीझ केलं की तीच जागा कायम, पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद. नाही केलं तरी हातातली जागा राहते, आणि वरचं कॉलेज मिळण्याची आशाही राहते. माहितीपुस्तिका मी तीनदा वाचली होती. कोमलनं उघडलीही नव्हती. हिनं वाचलीय ना — मग झालं, असा तिचा हिशेब.

नेट कॅफेत आम्ही एकाच कॉम्प्युटरसमोर बसलो होतो. ती म्हणाली, “ह्ये फ्रीझ म्हंजी काय गं? दाबू का नको?”

आणि मी — ठरवून बोलले का? नाही, जीभच पुढं पळाली. “दाब की. फ्रीजमधी ठेवलेलं नासतं व्हय? सीट टिकती, आन् वरचं मिळालं तर मिळतंच.”

ती खळखळून हसली. इथवर तुम्ही कदाचित थट्टा म्हणून सोडून द्याल. मीही कितीतरी वर्षं तसंच स्वतःला समजावत आले. पण पुढचं ऐका.

ओटीपी गेला तिच्या वडिलांच्या फोनवर. ते टोमॅटो घेऊन मार्केटला गेलेले, डोळ्यांना चष्मा नाही, मागं लिलावाचा गलका. त्यांनी कुणा पावण्याला थांबवून मेसेज वाचून घेतला आणि एकेक आकडा फोनवर ओरडून लेकीला सांगितला. ती मला सांगत होती आणि कीबोर्ड माझ्याकडं होता. सहा आकडे मी माझ्या बोटांनी टाकले. सहा वेळा थांबता आलं असतं की नाही? शेवटच्या आकड्याआधी तिनं विचारलंसुद्धा, “पक्कं ना?” मी म्हणाले, “पक्कं.” याला चूक म्हणू नका. आपल्याकडं याला केसानं गळा कापणं म्हणतात.

माझी जागा मी नंतर एकटीनं भरली, फ्रीझ न दाबता. दुसऱ्या फेरीत मला पुणं मिळालं. कटऑफच्या यादीत आमच्या प्रवर्गापुढं छापलेला क्रमांक माझाच होता. म्हणजे ती शेवटची जागा. ती कुणाची होती, हे मला कुणी सांगायला नको होतं.

कोमलनं मला कधीच जाब विचारला नाही. का, ते मला बरीच वर्षं कळलं नाही. मी विचारलंही नाही. चार वर्षं हॉस्टेलवर मी कुणाशी जीव लावला नाही. कुणी जवळ यायला लागलं की वाटायचं, हिला माझा भरवसा वाटायला नको. आज नोकरी आहे, घर आहे, फोनमध्ये तीन-चारशे नंबर आहेत. मनातलं बोलावं असं त्यात एकच माणूस आहे, आणि तिच्याशीच मी शब्द तोलून बोलते. फार एकटी आहे हो मी. पण ते माझं मीच केलंय.

कोमल त्या खासगी कॉलेजात शिकली, लग्न होऊन पारगावला गेली, तिथंच एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. जूनमध्ये गावातल्या पोरापोरींचे प्रवेशाचे फॉर्म भरून देते. यंदा मी सहज भेटायला गेले, तर ओसरीत सात-आठ मुलं बसलेली. ती त्यांना बजावत होती, “फ्रीझ दाबायच्या आधी नियम सोता वाचा. माझी लई मोठी संधी गेली बघा. ह्या मैत्रिणीनं मला समदं नीट समजून सांगितलं व्हतं, माझ्याच येड्या डोक्यात उलटं शिरलं.” मग माझ्याकडं वळून हसली. “व्हय का न्हाई गं?”

मुलं माझ्याकडं बघत होती. मी म्हणाले, “व्हय.”