आधी सांगून ठेवलेली नावं

नांदेडच्या आमच्या कॉलेजात निकाल अजून पर्ल या कॉम्प्युटरच्या भाषेतल्या जुन्या प्रोग्रामवर निघतात. तो लिहिणारे सर रोज मुदखेडहून रेल्वेनं यायचे आणि बसायच्या आधी रुमालानं कीबोर्ड पुसायचे. प्रोग्राममधलं एकेक छोटं काम म्हणजे सबरूटीन. त्याला नाव द्यायचं आणि लागेल तिथं हाक मारायची. मी त्यांच्या हाताखाली नवी लागले तेव्हा सर म्हणाले,

"बेटा, नाव आधी वर सांगून ठेवावं. न्हाई तर हाक मारताना पुढं कंस तरी लावावा. मशीन लई मुकाट असतंय, चुकलं तरी बोलत न्हाई."

एकदा मी ग्रेस गुणांचं सबरूटीन खाली लिहिलं, हाक वर मारली आणि कंस विसरले. मशीननं ते नाव नुसता शब्द समजून सोडून दिलं आणि प्रोग्राम बिनतक्रार चालला. काठावरची सगळी पोरं नापास झाली. यादी लावायच्या आधी सरांनी ती बोट ठेवून वाचली, कंस टाकला आणि नवी यादी काढली. प्राचार्यांनी उशीर का झाला विचारलं, तर म्हणाले, "माझंच ध्यान नव्हतं, साहेब."

ते रिटायर झाल्यावर मी माझी फाइल उघडली. माझ्या सगळ्या सबरूटीनची नावं त्यांनी अगदी वर लिहून ठेवली होती. मी पुन्हा कंस विसरणार, हे त्यांना ठाऊक होतं. आता विसरले तरी हाक पोचते.