लेकुरवाळी चिलापी

गेल्या वर्षी याच ब्लॉगवर मी मोठ्या तोऱ्यात घोषणा ठोकली होती: ‘चिलापी खा, मरळ वाचवा!’ चिलापी हा बाहेरून आणून आपल्या तळ्यांत सोडलेला मासा. तो माजला आणि गावची मरळ दिसेनाशी झाली. तेव्हा त्याचा बंदोबस्त ताटातच करायचा, ही माझी अक्कल. तुम्हाला ती फारच आवडली. म्हणून या मार्चमध्ये पुन्हा गेल्या वर्षीच्याच तळ्यावर निघाले, मोहीम कुठवर आली ते बघायला.

पुण्याहून पहाटे निघा, नाश्ता नगरला उरका. कड्याच्या आसपास उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत अख्खा रस्ता अडवून चालतात. तिथे ओव्हरटेकची घाई करू नका. आष्टी, जामखेड करत पाटोद्याला पोचायला मला अकरा वाजले. पाण्याच्या बाटल्या तिथेच भरून घ्या, पुढे काही मिळत नाही.

तळ्यावर पारूमावशी भेटल्या. भोई घरातल्या, उभा जन्म मासे धरण्यात गेलेला. गेल्या वर्षी काळ्या मसाल्याचं कालवण आणि ज्वारीची भाकरी मला त्यांनीच खाऊ घातली होती. यंदा त्यांना बोलायलाही सवड नव्हती. सून चार दिवसांपूर्वी बाळंत झाली होती.

“दूध उतरायला मरळीचा रस्सा पायजे. माझ्या सासूनं मला दिलता. चार दिस झाले जाळं टाकायले, एक मरळ भेटंना.”

जाळं वर आलं. सगळी चिलापी. मावशी एकेक मासा टोपलीत टाकत होत्या. एकीचं तोंड त्यांनी अंगठ्याने उघडलं, तर आत मोहरीएवढी पिल्लं वळवळत होती. ही मादी पिल्लं तोंडातच सांभाळते. मावशींनी तिला अलगद पाण्यात सोडलं.

“लेकुरवाळी हाय. जा बाई.”

माझं डोकंच फिरलं. “अहो मावशी, हिच्यामुळेच तुमची मरळ गेली आणि तुम्ही हिलाच सोडता?”

“लेकुरवाळी धरायची न्हाई. आमच्यात चालत न्हाई. मरळ असली तरी सोडतो आमी.”

“मरळ आपली! ही उपरी आहे!”

मावशींनी जाळं खाली टाकलं. “ती काय सोताच्या पायानं आली का? आणणाऱ्याला इचारा की. माझ्यावर कावून वरडता?”

आणणारा तासाभरात आलाच. टेम्पोतून पाण्याच्या फुगलेल्या पिशव्या उतरल्या. आत बोटभर लांबीची चिलापी, जिला इथे ‘बी’ म्हणतात. तळ्यातली मासेमारी ज्याच्याकडे आहे त्या ठेकेदाराचा मुकादम मला बघून ओळखीचं हसला.

“ताई, तुमचे उपकार हायेत. तुमचं वाचून पुण्याची लोकं लई यायलेत. हाटेलाला माल पुरंना, म्हणून मालकानं जास्तीचं बी मागवलं.”

“मासा कमी व्हावा म्हणून लिहिलं होतं मी!” मी किंचाळलेच.

तो खरोखर गोंधळला. “खाल्ल्यावर कमी कसं व्हईल? खाणारा हाय म्हणून तर सोडायलोत.”

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि म्हणूनच माझा संताप आणखी वाढला. पिशव्या माझ्यासमोर तळ्यात रिकाम्या झाल्या. मावशी खाली टाकलेलं जाळं गोळा करायला लागल्या.

परतताना रस्त्यावरच्या हॉटेलबाहेर फ्लेक्स दिसला. वर माझीच घोषणा, खाली ‘स्पेशल चिलापी थाळी’. गाड्या लावायला जागा नव्हती. आत लोक फोटो काढत, तळं वाचवल्याच्या समाधानात बोटं चाटत होते. मला त्यांची चीड आली आणि त्याहून जास्त स्वतःची. उपाशीच घरी आले.

जुना लेख तळ्याच्या पत्त्यासकट काढून टाकला आहे. “ताई, तळ्याचं नाव सांगा, शनिवारी येतो,” असं विचारणाऱ्यांनो, नाव सांगणार नाही. येऊ नका.

काल मावशींना फोन लावला. मरळ मिळाली का, विचारलं.

“न्हाई भेटली. सुनंला डाळीचं पाणी पाजायले. तुमी या की ताई जेवायला. चिलापी लई हाय.”