कापिटीचं खरं टोक

माझ्या सासूबाई आशालता पुण्यात शिवण शिकवायच्या आणि रोज पहाटे टेकडी चढायच्या. गेल्या वर्षी त्यांचा गुडघा बदलला आणि टेकडी बंद झाली. यंदा परदेशी आमच्याकडे जॉन्सनव्हिलला आल्या त्या एकच हट्ट घेऊन. इथून जवळच्या कापिटी बेटाच्या माथ्यावर जायचं. "वर पोचले तर गुडघा माझा, नाहीतर डॉक्टरांचा," म्हणाल्या. माझी बायको सुखदा हॉस्पिटलात नर्स आहे, तिच्यापुढे भलेभले डॉक्टर गप्प बसतात. आईपुढे मात्र तिची डाळ शिजली नाही.

पक्ष्यांसाठी राखलेल्या या बेटावर चुकून उंदीर जाऊ नये म्हणून बोटीत चढण्यापूर्वी सगळ्यांच्या पिशव्या तपासतात. आमच्या दशम्यांचा डबासुद्धा उघडावा लागला. बेटावर थोडा वेळ किनाऱ्याने चाललो, मग जंगलातून खडी चढण लागली. सासूबाई मुकाट चढत होत्या. धापा मी टाकत होतो.

अर्ध्या वाटेवर एक बाक आला. खाली समुद्र छान दिसत होता. सुखदाने मला डोळा मारला आणि म्हणाली, "आई, हे बघ टोक. जिंकलीस तू. आता खाऊ आणि उतरू."

मीही मान डोलावली. बायकोच्या होला हो करण्यात माझा हातखंडा आहे, पण त्या वेळी लाज वाटली.

सासूबाई बसल्याच नाहीत. एक जोडपं आम्हाला "किया ओरा" असा इथला नमस्कार करून पुढे वर निघालं होतं, त्यांच्याकडे त्या बघत राहिल्या.

"सुखदा, दमलेल्या माणसाला 'आलंच आता' म्हणायची टेकडीवर पद्धत असते. तीस वर्षं ही थाप मी मारलीय. मला नको मारूस."

"आई, प्लीज. गुडघा दुखला तर?"

"दुखला तर सांगेन."

आणि त्या निघाल्या. शेवटच्या चढाला सुखदाच मटकन खाली बसली. वरच्या वळणावरून आवाज आला, "चल गं, आलंच आता." पुढच्या वळणावरही तेच, त्याच्या पुढच्याही.

माथ्यावर मी पोचलो तेव्हा सासूबाई वाऱ्यात उभ्या राहून एकट्याच हसत होत्या. समुद्रापलीकडे देशाच्या दक्षिण बेटाचे डोंगर दिसत होते. मला इतका आनंद झाला की मी त्यांना तिथेच वाकून नमस्कार केला.

सुखदा सगळ्यांत शेवटी आली. "आई, आता तरी खरं सांग. आलं ना?"

"इथून वर जाणारं कोणी दिसतंय का?" सासूबाई म्हणाल्या, आणि पाय लांब करून लेकीचे गुडघे दाबायला बसल्या.