बारावी झालेली मुलगी

माझे वडील सोयरिकी जमवायचे. धंदा म्हणून नाही, हौस म्हणून. जुन्नर तालुक्यात, बोरीला शेती होती, आणि शेतीतून वेळ मिळाला की आळेफाट्याच्या एखाद्या हॉटेलात बसून चौकशा चालायच्या. कुणाच्या मुलाची, कुणाच्या मुलीची. त्यांची पद्धत ठरलेली होती. ज्या घराची माहिती हवी त्या घरी सगळ्यात शेवटी जायचं. आधी पिठाच्या गिरणीवाला, मग केस कापणारा, मग बेल्ह्याच्या बैलबाजारात त्या गावचा कुणी भेटला तर तो. चहा सांगायचा, पाऊसपाण्याचं बोलायचं आणि मध्येच सहज विचारायचं, "त्यो थोरला काय करतो म्हणं?" एवढ्यावर समोरचा बोलत सुटायचा.

एकदा मी त्यांना विचारलं, एवढं सगळं कळलं, आता ते मुलीकडच्यांना सांगणार का? म्हणाले, "जमवायला लागतं तेवढंच सांगायचं. बाकीचं पोटात." त्यांच्या पोटात अर्धा तालुका होता.

नव्वदचं दशक सरता सरता मी बी.कॉम. उरकून पुण्याला एमबीएला गेलो. मार्केटिंगला फाडफाड इंग्रजी लागायचं, फायनान्सला डोकं. माझ्याकडे दोन्हींची बोंब. उरलं ते माणसांचं खातं. कुणी त्याला जुन्या सवयीनं पर्सोनेल म्हणायचं, कुणी नव्या थाटात एचआर. गावात समजावून सांगताना घाम फुटायचा.

"म्हंजी तू करणार काय तिथं?"

"कंपनीसाठी माणसं निवडायची. त्यांची माहिती काढायची."

"म्हंजी बापाचंच काम की राव!"

सगळे हसले. मला राग आला. दोन वर्षं टाय बांधून शिकायचं आणि शेवटी बापाचंच काम? पण ते लोक चुकले नव्हते, हे पहिल्या नोकरीच्या पहिल्याच महिन्यात कळलं.

पुण्याजवळचा एक कारखाना होता. नाव सांगत नाही. साहेबांनी माझ्यापुढे मशीनवर घ्यायच्या कामगारांच्या फायली ठेवल्या आणि म्हणाले, प्रत्येकाची चौकशी कर, फॉर्म भर. त्यात एक मुलगा आंबेगाव तालुक्यातला होता, घोडेगावच्या पुढे, डोंगराच्या कडेच्या गावातला. आयटीआय झालेला, मुलाखतीत सगळ्यात उजवा. अर्जात फोन नंबरापुढे त्यानं 'पी.पी.' लिहिलं होतं. म्हणजे घरी फोन नाही, शेजारच्या दुकानाचा नंबर आहे, ते बोलावून देतील. तेव्हा निम्म्या अर्जांवर ही दोन अक्षरं असायची.

मी फोन लावला. म्हटलं, "जुन्नरकडचा आहे मी. मुलाच्या चौकशीसाठी फोन केलाय. घरचं कुणी आहे का?" दुकानदारानं रिसीव्हर खाली ठेवून मोठ्यानं हाक मारली. थोड्या वेळानं कुणीतरी धावत आलं. आधी फक्त धाप ऐकू आली. मग बाईचा आवाज, "बोला पावणं. मी आई त्याची."

मी विचारलं, मुलगा काय करतो, व्यसन आहे का, स्वभावानं कसा आहे. ती आनंदानं उत्तरं देत गेली. मग म्हणाली, "आन् पोरगी किती शिकल्याली हाय?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. आमच्या भागात मुलाची चौकशी म्हणजे एकच चौकशी. कंपनी फोन करून अशी विचारपूस करते हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. मी तिथंच म्हणायला हवं होतं, मावशी, मी कंपनीतून बोलतोय. एक वाक्य होतं. पण बापाची सवय माझ्या अंगात भिनली होती. माणूस बोलायला लागलं की थांबवायचं नसतं.

"बारावी झालीय," मी म्हणालो.

"लई बेस," ती म्हणाली. मग हळू आवाजात म्हणाली, "पावणं, एक सांगते. माझी बी पोरगी लोकाच्या घरी दिल्याली हाय, म्हणून लपवत न्हाई. पोराला ल्हानपणी फिट यायची. सातवीपासनं एकदाबी न्हाई आली. डाक्टरनी गोळ्या बी बंद केल्या. पण पोरीच्या बापाच्या कानावर घाला. उद्या पोरीनं म्हणाय नको, फसवलं म्हणून."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. फॉर्मवर लिहिलं, 'फिट येण्याचा पूर्वेतिहास.' सातवीपासून नाही, गोळ्या बंद, हे लिहिलं नाही. जागा होती. पण अर्धवट लिहिलं की शोध मोठा दिसतो, आणि मला मोठं दिसायचं होतं. साहेब खूश झाले. "डॉक्टरला सापडलं नसतं ते तू फोनवर काढलंस!" त्या मुलाला आम्ही छापील पत्र पाठवलं, उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा देणारं. कंपनीत माझं नाव झालं. चौकशी म्हटलं की सगळे माझ्याकडे बोट दाखवायचे. माझं करिअर त्या एका फोनवर उभं राहिलं, हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

ती बाई मला सोडेना. फोनवर कुणी धापा टाकत बोललं की मी रिसीव्हर दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचो. आणि त्याहून विचित्र म्हणजे ती बारावी झालेली मुलगी. तीन मिनिटांपुरतं मी तिला जन्माला घातलं होतं, पण ती गेलीच नाही. एसटीत वह्या छातीशी धरून चढलेली एखादी मुलगी दिसली की वाटायचं, हीच ती. कुठेतरी तिच्या बापाच्या घरी ती अजून बसून आहे, निरोपाची वाट बघत. मी तिला हाकलायचो. पगार वाढला, हुद्दा वाढला, पण ती होती तिथंच होती.

सात-आठ वर्षांनी वडील गेले. दहाव्याला आलेला प्रत्येक जण एकच सांगत होता, "तुझ्या बापानं कुणाच्या घरातलं कधी भाईर फुटू दिलं न्हाई." माझ्यानं ते ऐकवेना. पुढच्याच आठवड्यात मी घोडेगावला उतरलो आणि जीपनं त्या गावी गेलो. त्या बाईच्या पाया पडायचं आणि सगळं सांगून टाकायचं, एवढं ठरवलं होतं.

घर दुकानाच्या मागंच निघालं. मी सांगितलं, कंपनीतून आलोय, तुमच्या मुलानं पूर्वी अर्ज केला होता. तिनं सतरंजी टाकली. मुलगा नारायणगावला टोमॅटोच्या गाड्या भरायला जातो म्हणाली. आतून सून पाणी घेऊन आली. हसरी, कपाळावर ठसठशीत कुंकू.

"बारावी शिकल्याली हाय माझी सून," म्हातारी कौतुकानं म्हणाली.

मी पाणी न पिताच तांब्या खाली ठेवला. सून हसत चहाला दूध आणायला दुकानात गेली. ती वळेपर्यंत म्हातारी थांबली, मग माझ्याकडे सरकून बोलू लागली. परक्यापाशी माणूस बोलतं तसं.

"लगीन जमायला लई दिस लागलं. एकदा जुन्नरकडनं फोन आल्ता. मी भोळी, पोराच्या फिटीचं खरं खरं सांगून बसले. पंधरा दिस अंगण सारवून ठेवलं, घर बघाय येतील म्हणून. रोज दुकानात इचारायची, फोन आल्ता का. न्हाईच आलं. मंग ठरवलं, खरं बोलून पायलं एकदा, आता न्हाई. हिच्या घरच्यांना काय बी सांगितलं न्हाई. हिला बी ठावं न्हाई." मग माझ्याकडे निरखून म्हणाली, "तुमचं बोलणं त्या पावण्यावानीच हाय बघा. जुन्नरकडचे समदे असंच बोलत्यात का?"

मी मान डोलावली. दारात सून दुधाची पिशवी घेऊन उभी होती. जे सांगायला मी आलो होतो त्यातलं एक अक्षर जरी तोंडातून निघालं असतं, तरी ते तिच्या कानावर पडलं असतं. मी चहा प्यालो. मग उठलो.

जीप सुटण्याच्या बेतात होती तेवढ्यात सून पदर सावरत रस्त्यापर्यंत आली. तिलाही धाप लागली होती.

"भाऊ, एक इचारू? ह्यांना तवा कंपनीत का घेतलं न्हाई? ह्ये अजून मनाला लावून घेत्यात. ह्यांच्यात काय खोट हाय का?"

मी तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं मी जिला हाकलत होतो तिनंच मला गाठलं होतं, आणि तिला खरं कळायचा सगळ्यात जास्त हक्क होता.

"नाही ताई," मी म्हणालो. "जागा भरल्या होत्या."

"तरी म्हणलं," ती म्हणाली आणि हसत घराकडे गेली.