साडूंचा हळद्या

हिंगोली जिल्ह्यात ड्रॅगन पाळलेला माणूस एकच आहे, आणि तो माझा थोरला साडू आहे. ही पाहुण्यांची उगाच केलेली तारीफ नव्हे. कुणाला खात्री करायची असेल तर पुसेगावला जाऊन माझ्या मेहुणीला विचारावं. ती कपाळाला हात लावेल, पण नाही म्हणणार नाही, कारण त्या ड्रॅगनच्या नावानं तिनं हळदीच्या हंगामापासून पोळ्यापर्यंत रोज एक भाकरी जास्तीची थापली आहे. साडूंचं एकूणच असं आहे. माणूस हळद पिकवणारा, साठीला टेकलेला, मिशीनं पैलवान आणि गुडघ्यानं अधू. पण कशातही हात घातला की ती गोष्ट खरी करून सोडायची ही त्यांची खोड. लेकरांनी बाहुला-बाहुलीचं लग्न लावलं तर बाकीचे मोठे हसून पुढे जातात. साडू तिथं फतकल मारून बसतात, मानपानावरून रुसतात आणि बाहुलीच्या बापाकडून टोपी घेतल्याशिवाय उठत नाहीत. दिसेल त्या जनावराचा जबडा उघडून वय सांगणं हा दुसरा छंद. मी शाळेत मास्तर आहे. आमच्या स्नेहसंमेलनात दोन पोरांनी मिळून बैलाचं सोंग घेतलं होतं, तर साडूंनी त्याचाही जबडा उघडला आणि आतून "काका, सोडा!" असा आवाज आल्यावर "चार दाती हाय, पण बोलका हाय" असा निर्वाळा दिला.

ड्रॅगनशी त्यांची गाठ पडली ती स्वतःच्या दाढेमुळे. आमच्या कापडवाल्या चाचांची मुलगी हिंगोलीत दातांची डॉक्टर आहे. कॉलेजच्या होस्टेलात ती एक खेळ शिकून आली. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं, आपण काय करतो ते बोलायचं, आणि ते साधलं की फसलं हे वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. रविवारी दवाखाना बंद असतो, तेव्हा पेशंट बसतात त्या खोलीत ती, चाचा आणि मी असे तिघं हा खेळ खेळत असू. एका रविवारी साडू गाल धरून आले. डॉक्टरबाईंनी दाढ काढली आणि जबड्याचा बधिरपणा उतरेपर्यंत बाहेर बसायला सांगितलं. आम्ही गोष्टीतल्या एका गुहेत अडकलो होतो. साडू बराच वेळ ऐकत होते. मग तोंडातला कापूस सांभाळत म्हणाले, "सर, हे काय करून राहिले तुमी? आन् ही गुहा कुठं येते? औंढ्याच्या अलीकडं का पलीकडं?"

गोष्टीतलं राज्य नकाशावर नाही, हे त्यांना पटेना. ज्या गावाला रस्ता नाही तिथं माणसं बाजाराला कशी जातात, असा त्यांचा रोकडा सवाल होता. शेवटी गोष्ट सांगणाऱ्या डॉक्टरबाईंनी अख्खं राज्य उचलून सिद्धेश्वरच्या धरणापलीकडे ठेवलं तेव्हा ते खेळात आले. त्याच गुहेत आम्हाला ड्रॅगनचं अंडं सापडलं. चाचांनी बाजारातला भाव विचारला. मी ते राजाला नजर करून जहागीर मिळवण्याच्या विचारात होतो. साडू मात्र खुर्चीतून अर्धवट उठले. "अंडं विकायचं न्हाई, द्यायचं बी न्हाई," ते म्हणाले. "घरी आलेलं अंडं उबवायचं असते."

आणि त्यांनी ते उबवलं. डॉक्टरबाईंच्या नियमाप्रमाणे अंडं आगीच्या उबेत ठेवलं की दर रविवारी फासा टाकायचा, एवढंच काम होतं. साडूंचं तेवढ्यावर भागेना. त्यांनी गोष्टीतल्या टोपल्यात आधी राख घातली, मग साळीचं भुसकट, मग गोधडीचा तुकडा. मधल्या वारी मला शाळेत फोन यायचा, "सर, रातच्याला गारठा वाढला. अंड्याचं काय?" मी वर्गात फळ्याकडे तोंड करून हळूच सांगायचो की अंडं बरं आहे. तिसऱ्या का चौथ्या रविवारी डॉक्टरबाईंनी गोष्टीत वादळ आणलं. वीज कडाडली आणि त्या गंभीरपणे म्हणाल्या, "अंडं गेलं, काका."

"कसं जाईल?" साडू शांत होते. "टोपल्यात लोखंड हाय की."

"ते कधी ठेवलं? तुम्ही बोलला नाहीत."

"त्यात बोलायचं काय, बेटा? कोंबडी अंड्यावर बसवताना खिळा न ठेवणारा माणूस हाय का कोनी? इजंनं अंडी नासतात."

डॉक्टरबाईंनी पुस्तक चाळलं. परदेशी पुस्तक ते, त्यात खिळा कुठून असणार! पण चाचांनी मान डोलावली. "बराबर है. आमच्या अम्मी कोळसा ठेवायच्या." फाशापुढे बापाचंही न ऐकणारी ती मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा नमली आणि अंडं वाचलं. पुढच्याच रविवारी ते फुटलं. साडूंनी पुसेगावहून पेढे आणले होते; फुटलं नसतं तर त्या पेढ्यांचं काय करणार होते, हे मी विचारलं नाही.

पिल्लू पिवळं निघालं म्हणून नाव पडलं हळद्या. डॉक्टरबाईंनी दातांचे साचे करायच्या प्लास्टरचा एक वीतभर ड्रॅगन बनवून दिला. हात सवयीचा, त्यामुळे त्याच्या तोंडात माणसाची बत्तीशी आली, अगदी अक्कलदाढेसह. साडूंनी ती निरखली आणि "लेकरू जन्मताच जुळलेलं हाय, दात पुरे हायती" म्हणून कौतुक केलं. जगभर लोक या खेळात ड्रॅगन लढाईसाठी वाढवतात. साडूंनी तो हळद शिजवायला लावला. कढईखाली सरपण घालायचं नाही, हळद्यानं एक फुंकर मारायची. शेजारच्या राजानं चढाई केली तेव्हा मी म्हटलं, भाऊ, आता सोडा त्याला. तर म्हणाले, "काहून? हंगाम चालू हाय. राजाला सांगा, पाडव्यानंतर ये." गंमत म्हणजे राजा थांबला. डॉक्टरबाई सांगत होत्या की, साडूंचा तो आवाज ऐकल्यावर सैन्य पुढे आणायची त्यांनाच हिंमत झाली नाही.

मला हे सगळं पाहताना हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटायचा. मी तो खेळ त्यांच्या आधीपासून खेळत होतो, पण माझ्यासाठी तो वेळ घालवायचा खेळच राहिला. साडू घरी जाऊन गोठा झाडून ठेवत. गोठा रिकामा होता. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला, घरी ट्रॅक्टर आला आणि साडूंनी आपली बैलजोडी कनेरगाव नाक्याच्या एका शेतकऱ्याला दिली. माणूस चांगला होता, ओळखीचा होता. तरी त्या दिवसापासून साडू वाशीमला जाताना नाका आला की खिडकीकडे पाठ करून बसत. त्यांनी बैलांचा विषय कधी काढला नाही आणि आम्हीही काढू दिला नाही. जास्तीची भाकरी कशासाठी हे मेहुणीला कळत होतं, म्हणूनच ती कुरकुरत का होईना थापत होती.

पण ड्रॅगन मोठा होतो. पंख पुरे भरले की एकदाच फासा टाकायचा. दहाच्या खाली पडलं तर तो उडून जातो आणि परत येत नाही, असा पुस्तकातला नियम. तो रविवार नेमका पोळ्याच्या आदल्या दिवशी आला. साडू धोतर नेसून आले होते. हातात वाटी, वाटीत तूप आणि हळद. "फासा मागून टाकू," ते म्हणाले. "आज खांदमळणी हाय." मग बैलांचे चोळतात तसे त्यांनी त्या प्लास्टरच्या ड्रॅगनचे खांदे, जिथून पंख फुटतात तिथं, बोटानं सावकाश चोळले. चाचांनी आपल्या गाठोड्यातून रेशमी कापडाची एक पट्टी काढून झूल म्हणून त्याच्या पाठीवर घातली. साडूंनी हात जोडले आणि वर्षानुवर्षं गोठ्यात म्हणत आलेले शब्द म्हटले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

मग फासा टाकला. चार पडले.

डॉक्टरबाईंनी फासा उचलून पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला. "काका, तुपाचा हात होता. घसरला असेल. परत टाका ना." मला वाटलं, साडू टाकतील. टाकावाच असं मला मनापासून वाटत होतं.

"न्हाई बेटा," साडू म्हणाले. "पडलं ते पडलं." थोड्या वेळानं त्यांनी झूल नीट केली आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "बैलांचा कासरा मी माझ्या हातानं दुसऱ्याच्या हातात दिला होता. ते वळून वळून बघत होते. ह्याच्या गळ्यात दावंच नव्हतं. ह्यो आपला आपण गेला, मोठा होऊन गेला. ह्याची तकलीफ न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी पुरणपोळी खायला पुसेगावला गेलो. साडू दारातच उभे होते, हातात फडक्यात बांधलेलं ताट. मी बसायच्या आत म्हणाले, "सर, गाडी वळवा. आवतण दिलेलं हाय, अन् जेवणारा तर गेला. ताट वाया न्हाई जायचं. नाक्याला जाऊ."

कनेरगाव नाक्यापर्यंत ते मागच्या सीटवर ताट मांडीवर धरून बसले होते. बैल सजून उभे होते, शिंगं रंगवलेली, अंगावर नवी झूल. साडूंनी आधी दोघांचे जबडे उघडून पाहिले, मग पोळी पुढे केली. एकानं ती हातासकट चाटून खाल्ली. दुसऱ्यानं नुसती हुंगली आणि तोंड फिरवलं. "तो पयल्यापासून असाच हाय, मानी," साडू म्हणाले आणि बराच वेळ त्याच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. अखेर त्यानं तोंड वळवलं आणि पोळी खाल्ली. येताना नाका ओलांडेपर्यंत साडू मागे वळून पाहत होते. मला आरशात दिसत होतं. गाव जवळ आल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हाताला अजून तुपाचा वास होता.

"सर," ते म्हणाले, "त्या गुहेत एकच अंडं होतं का?"