शेतावरचे अठ्ठ्याऐंशी दिवस

इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या मराठी मंडळात कोणाचंही काही अडलं, की उत्तर ठरलेलं असायचं: मुरलीधरकाकांना विचारा. कौन्सिल टॅक्सचं बिल चुकीचं आलं, मुलाला हवी ती शाळा मिळेना, शेजाऱ्याने कुंपण वीतभर इकडे सरकवलं, विचारा काकांना. काकांनी कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, हाउसिंग खात्यात तीस वर्षं काढली होती, आणि इंग्रजांचे नियम इंग्रजांनाही आपणच समजावून द्यावे लागतात, अशी त्यांची पक्की समजूत होती. बऱ्याचदा ते खरंही निघायचं. पण या गृहस्थांना एक खोड होती. आपल्याला एखादी गोष्ट माहीत नाही, हे पंच्याहत्तर वर्षांत त्यांनी कोणाला कळू दिलं नव्हतं. त्यांच्या पत्नी निवेदिताकाकू म्हणायच्या, "यांना चंद्रावरच्या पार्किंगचे नियम विचारा. तेही सांगतील, वर फॉर्मचा नंबर देतील."

जूनमध्ये चैत्राली त्यांच्याकडे आली. नागपूरची, सत्तावीस वर्षांची. तरुणांसाठीच्या दोन वर्षांच्या व्हिसाची लॉटरी तिला लागली होती, आणि ती रीडिंगच्या एका कंपनीत कंत्राटावर होती. कंत्राट संपलं. व्हिसा वीस ऑक्टोबरला संपणार होता. त्याआधी व्हिसा स्पॉन्सर करणारी नोकरी मिळाली तर राहता येणार, नाहीतर बॅग भरायची.

"काका, हा एक्स्टेंड होतच नाही का हो? साइटवर तर नाही म्हणतात."

काकांना तनिषा आठवली. ईलिंगला राहणाऱ्या लेकीची ही मुलगी तीन वर्षांपूर्वी पाठीवर सॅक टाकून ऑस्ट्रेलियाला गेली होती आणि तिथे शेतावर अठ्ठ्याऐंशी दिवस राबून तिने व्हिसा वर्षभर वाढवून घेतला होता. नातीचं हे कर्तृत्व काकांनी मंडळात इतक्या वेळा सांगितलं होतं की त्यातला ऑस्ट्रेलिया हळूहळू गळून पडला होता.

"होतो की! शेतावर अठ्ठ्याऐंशी दिवस काम करायचं. सलग. वर्ष वाढवून देतात."

"पण काका, साइटवर..."

"साइटवर सगळं लिहितात होय? मी आत बसलेला माणूस आहे बाई. कॉमनवेल्थचे नियम सगळीकडे सारखे."

पुढे तर ते सुटलेच. हेरफर्डशरमध्ये एक शेतकरी जोडपं राहण्या-जेवणाच्या बदल्यात मदतीला माणसं ठेवतं, असं त्यांनी कुठेसं वाचलं होतं. तिच्यासमोर फोन लावून त्यांनी जागा पक्की केली. "पगार मिळणार नाही हं. पण तेच बरं. पगार घेतलास की ती नोकरी झाली, मग हे दिवस धरत नाहीत." हे वाक्य त्यांना बोलता बोलताच सुचलं होतं. सुचलं आणि लगेच त्यांना पटलंही.

चैत्राली वाकून नमस्कार करून गेली. नोकरीसाठी अर्ज करणं तिने जवळजवळ थांबवलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती शेतावर रुजू झाली आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकू लागली: शेळ्यांना चारा घालताना, चिखलाने भरलेले बूट, हाताला आलेले फोड. खाली अंगठ्यांची रांग लागायची. 'काका, तुम्ही ग्रेट आहात.' काका प्रत्येक अंगठा चष्मा पुसून बघायचे.

ऑगस्टच्या सतरा तारखेला तनिषा कायमची परत आली म्हणून ईलिंगला जेवण होतं. काकांनी अळूवडी तोंडात टाकता टाकता मोठ्या झोकात चैत्रालीची हकिकत सांगितली. तनिषाने काटा खाली ठेवला.

"आजोबा, नो! ते फक्त ऑस्ट्रेलियाचा आहे. इथे तसा रूल नाहीच आहे."

"असतं गं. तू लहान आहेस."

"मी केला आहे ना पण! And मला पगार मिळाला. अनपेड केला तर तिथे पण count नाही होत. पेस्लिप लागतो." तिने फोनवर शोधून सरकारी पान त्यांच्यापुढे धरलं. "बघा. Can't be extended. पुअर गर्ल, तिला लगेच सांगा ना."

काकांनी ते पान दोनदा वाचलं. त्यात खोट काढायला जागा नव्हती. "हं," ते म्हणाले आणि भात मागितला. पण आपल्याच नातीसमोर त्यांना इतकी लाज वाटली की उरलेलं जेवण त्यांनी ताटाकडे बघत संपवलं.

परतताना गाडीत काकू म्हणाल्या, "आत्ता फोन लावा तिला."

"गाडी चालवतोय मी."

घरी आल्यावर ते म्हणाले, उद्या. दुसऱ्या दिवशी म्हणाले, असं फोनवर सांगणं बरं दिसत नाही, जाऊन सांगतो. काकू चाळीस वर्षांहून अधिक काळ या माणसाला ओळखत होत्या. "सत्कार होऊन जाऊ दे असं मनात आहे ना तुमच्या?" त्यांनी विचारलं. काका बागेत निघून गेले.

सत्कार होता सात सप्टेंबरला. पंच्याहत्तरी आणि मंडळाची सेवा, दोन्हींचा मिळून. हॉल ठरला होता, पत्रिका छापल्या होत्या. जन्मात एकदाच मिळणारी गोष्ट, आणि ती नेमकी सल्ल्यासाठी मिळणार होती. तीन आठवड्यांनी असं काय बिघडतं, असं काका स्वतःला समजावत राहिले. काय बिघडतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्या मुलीकडे मोजके आठवडे होते आणि त्यातले तीन ते शालीसाठी वापरत होते.

आणि पंचवीस तारखेला तिचाच फोन आला.

"काका, एक विचारायचं होतं. स्लाऊच्या एका कंपनीने इंटरव्ह्यूला बोलावलंय. मे महिन्यात अप्लाय केलं होतं. स्पॉन्सर करतात म्हणे. पण परवा आणि तेरवा, दोन दिवस तिथे जावं लागेल. सलग अठ्ठ्याऐंशी लागतात ना? मधेच गॅप पडली तर आतापर्यंतचं सगळं वाया जाईल का?"

फोन स्पीकरवर होता; स्वयंपाकघरात काकू भाजी चिरायच्या थांबल्या. काकांना जा, धावत जा, इतकंच म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं की ती विचारणार, मग दिवसांचं काय? आणि मग सगळंच निघणार. ज्या माणसाने जन्मभर न विचारता सल्ले वाटले, तो त्या दिवशी घसा खाकरून म्हणाला, "बघ बाई. तुझ्या मनाला पटेल तसं कर."

"म्हणजे रिस्की आहे," ती म्हणाली. "कळलं काका. थँक यू."

काकूंनी विळी आडवी केली आणि त्या वर निघून गेल्या. त्या दिवसापासून त्या काकांशी कामापुरतंच बोलू लागल्या.

सत्कार थाटात झाला. सेक्रेटरी पुष्करने भाषणात चैत्रालीचं नाव घेतलं. "आपली एक मुलगी आज काकांच्या शब्दावर शेतात राबतेय, आणि उद्या तिला वर्षभराचा व्हिसा मिळणार आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला. पहिल्या रांगेत काकू हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. आपल्याला इथे, सगळ्यांच्या देखत, कोणीतरी उठून चोर म्हणावं, असं काकांना वाटलं. कोणी म्हटलं नाही. सगळे फोटो काढायला आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच हेरफर्डशरला निघाले. अडीच तासांच्या वाटेत त्यांनी बोलायचं सगळं जुळवून ठेवलं. 'कालच कळलं बघ.' हे 'कालच' त्यांनी चार-पाच वेळा मोठ्याने म्हणून पाहिलं. ते खरं वाटेपर्यंत म्हणायची त्यांना सवय होती.

चैत्राली कांद्याच्या वाफ्यात उकिडवी बसली होती. उन्हाने काळवंडलेली, केसांना रुमाल बांधलेली. त्यांना बघून ती पळतच आली. "काका! तुम्ही इतक्या लांब? पासष्ट झाले! तेवीसच राहिले."

काकांनी सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात. असा नियम इथे नाही, व्हिसा वाढणार नाही, माझी चूक झाली.

तिला ते समजायला वेळ लागला. मग ती बांधावर बसली. बराच वेळ तिने हातमोज्यांवरची माती खरवडली. डोळे पुसले, तर गालाला चिखल लागला. काकांनी रुमाल पुढे केला, तो तिने घेतला.

"जाऊ द्या काका," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत? चांगल्यासाठीच सांगितलं होतंत. आणि कळल्यावर लगेच धावत आलात. दुसऱ्या कोणी फोनवर उरकलं असतं."

काकांना हवं होतं ते सगळं तिने आपणहून दिलं होतं. 'कालच' म्हणायचीही गरज उरली नव्हती. नुसतं गप्प राहिलं की पुरे होतं. पण ती त्यांच्याकडे अशी बघत होती, जणू त्यांचंच सांत्वन करायचं आहे. ते त्यांना सोसवेना.

"लगेच नाही आलो," ते म्हणाले. "मला सतरा ऑगस्टला कळलं."

तिने मान वर केली. "पण मी तुम्हाला फोन केला होता. इंटरव्ह्यूचा. तो त्याच्यानंतर."

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हाला, जाऊ का म्हणून."

"हो."

"मी नाही गेले काका." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मागच्या आठवड्यात त्यांनी दुसऱ्याला घेतलं. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं. सत्कार होता माझा." हे वाक्य तोंडून बाहेर पडल्यावरच ते किती हलकं आहे हे त्यांना कळलं. मान खाली घालून ते घाईघाईने बोलू लागले, "मी त्या कंपनीत येतो तुझ्याबरोबर. मी सांगतो त्यांना, सगळी चूक माझी. होम ऑफिसला पत्र लिहितो. मंडळात पुष्करला सांगतो, कोणाची तरी ओळख..."

"नको." ती उठली. रुमालाची घडी करून तिने तो त्यांच्या हातात ठेवला. ओरडली नाही, रागाने बोललीही नाही. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला पायरी दाखवावी तशी ती म्हणाली, "तुम्ही आता कोणाला काही सांगू नका, काका."

मग ती सामान आवरायला घराकडे निघून गेली. काका वाफ्यात उभे होते. शेताची मालकीण फाटकाशी आली आणि हसून त्यांना विचारू लागली, मुख्य रस्त्याला लागायचा जवळचा मार्ग माहीत आहे ना. काकांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याने काही बोलवेना.